कड्यावरचे पूर्वज

इंडोनेशियांतील सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागांत, मकासर बंदराच्या उत्तरेस सुमारें ३०० किलोमीटर डोंगरांत गेलें म्हणजे लेमो नांवाचें गांव लागतें. गांवाशेजारीं चुनखडीचा उभा कडा आहे व त्या कड्याच्या पोटांत चौकोनी कोठड्या खोदलेल्या आहेत. त्या कोठड्यांत मृतांस ठेवितात. कोठड्यांच्या मधून मधून सज्जे काढलेले असून त्या सज्ज्यांच्या लांकडी कठड्यामागें माणसांची रांग उभी दिसते. पुरुषांच्या डोक्यास फडकें गुंडाळलेलें, स्त्रियांच्या अंगांत झंपर, सर्वांच्या अंगावर खरींखुरीं वस्त्रें. हात किंचित् पुढें केलेला, तळवा वर. डोळे मात्र मिटत नाहींत. खालच्या भातखाचरांतून राबणार्‍या आपल्या नातवंडा-पणतवंडांकडे तीं माणसें एकसारखीं पाहत असतात.

हीं माणसें लांकडाचीं आहेत. तोराजा नांवाच्या डोंगरी लोकांचे हे पूर्वज होत. लांकडांत पूर्वज कोरण्याची चाल आग्नेय आशियांत एकट्या तोराजांचीच नव्हे. सुमात्राच्या पश्चिमेकडील नियास बेटांत ती होती, मोलुक्का बेटांपैकीं लेती व तानिंबर येथें होती. आणि फिलिपिन्समधील इफुगाव लोक धान्याच्या कोठारांत 'बुलुल' नांवाच्या लांकडी मूर्ति राखणदार म्हणून ठेवीत आले आहेत. पण आज आम्ही तोराजांच्या पुतळ्यांविषयीं लिहावयास बसलों, याचें कारण त्या पुतळ्यांच्या अंगावरील कपडे होत. त्या कपड्यांत सगळी गोष्ट सांठविलेली आहे असें आम्हांस वाटतें, व ती गोष्ट आमच्या वाचकांच्या घरच्या देव्हार्‍यापासून फारशी दूर नाहीं.

प्रथम नांवाचा विचार करूं. ह्या पुतळ्यास 'ताउ-ताउ' म्हणतात. 'ताउ' म्हणजे माणूस. तोच शब्द दोनदां उच्चारला म्हणजे माणसासारखा, माणसाचें प्रतिरूप, असा अर्थ होतो. संस्कृतांत जें काम 'प्रति' हा उपसर्ग करतो तें तेथें द्विरुक्ति करते. मराठींतहि हें अगदींच अपरिचित नाहीं. मुलें दुपारीं माजघरांत 'शाळा-शाळा' खेळतात, तेव्हां ती शाळा नव्हे पण शाळेसारखी आहे, हें त्या द्विरुक्तीवरूनच कळतें. ह्या पुतळ्यास दुसरेंहि एक नांव आहे, 'बोंबो दिकिता'. त्याचा अर्थ 'दिसणारा आत्मा'. आत्मा दिसत नाहीं हें जगांतील बहुतेक लोक मानतात. तो दिसावा ही इच्छा मात्र त्यांतील फार थोड्यांना आवरतां आली आहे.

आतां ह्या लोकांत मनुष्य मरतो कसा तें पाहूं. श्वास थांबला म्हणजे तोराजा मनुष्य मेला असें जुन्या रीतीप्रमाणें घरचीं माणसें म्हणत नाहींत. तो 'तो माकुला', म्हणजे आजारी झाला असें म्हणतात. त्याचा देह वस्त्रांत गुंडाळून घरांतच ठेवितात, त्याच्याशीं बोलतात, त्याच्यापुढें अन्न ठेवितात. ही स्थिति कित्येक महिने, प्रसंगीं कित्येक वर्षें चालते. कारण अंत्यविधीसाठीं दूरदूरचे नातलग जमवावे लागतात व रेडे-म्हशी आणि डुकरें ह्यांचा मोठा खर्च उभा करावा लागतो. विधि पुरा झाला, देह कड्यांत गेला, म्हणजे तो मनुष्य खर्‍या अर्थानें मृत होतो, आणि यथाकाल 'तो मेंबाली पुआंग', म्हणजे देवत्व पावलेल्या पूर्वजांपैकीं एक होतो.

आपल्याकडील सपिंडीकरणाची आठवण येथें कोणास झाली तर नवल नाहीं. आपल्याहि शास्त्राप्रमाणें मनुष्य मेल्याबरोबर पितर होत नाहीं. तो कांहीं काळ प्रेत असतो, मधल्या वाटेवर असतो. बहुधा बाराव्या दिवशीं होणार्‍या सपिंडीकरणानंतर त्यास पितरांच्या पंक्तींत स्थान मिळतें. साम्य एवढ्यावरच थांबत नाहीं. तोराजांच्या मृत्युविषयक विधींस 'रांबु सोलो', म्हणजे उतरता धूर, म्हणतात व ते दुपार कलल्यावर करतात. मंगलविधींस 'रांबु तुका', म्हणजे चढता धूर, असें नांव असून ते चढत्या सूर्याच्या वेळीं होतात. आपल्याकडे देवकार्य पूर्वाह्णीं व श्राद्ध अपराह्णीं, हा नियम घराघरांत ठाऊक आहे. त्यांची मृतांची भूमि 'पुया' दक्षिणेस आहे, आणि आपला यमहि दक्षिणेचाच. परंतु साम्य दिसलें कीं लगेच संबंध जोडावयाचा, हा मोह आवरला पाहिजे. सूर्य सर्वांचाच कलतो व धूर सर्वांच्याच चुलींतून निघतो. एकाच दुःखानें दोन घरांत दोन माणसें सारखींच वागलीं म्हणून तीं एकमेकांपासून शिकलीं असें होत नाहीं.

पुतळा फणसाच्या लांकडाचा करतात. कोंकणांतील वाचकांस ह्या निवडीचें मर्म सांगावयास नको. फणसाचें लांकूड टिकाऊ असतें, त्यास वाळवी सहसा लागत नाहीं, आणि त्याचा पिंवळा रंग वयाबरोबर तांबूस होत जाऊन मनुष्याच्या कांतीजवळ येतो. झाड तोडण्यापूर्वीं व कामाच्या निरनिराळ्या टप्प्यांस बळी अर्पण करतात. कारण जें घडत आहे तें नुसतें सुतारकाम नव्हे. हात वेगळे कोरून मागाहून बसवितात. डोळ्यांच्या जागीं पांढर्‍या हाडाचे तुकडे व त्यांत काळीं बुबुळें जडवितात. जुने पुतळे हुबेहुब चेहर्‍याचे नसत. पुरुष कीं स्त्री, एवढें कळलें म्हणजे पुरे. ओळख पटावयाची ती कपड्यांवरून व अलंकारांवरून. अंत्यविधीच्या वेळीं हा पुतळा देहाजवळ राहतो, मिरवणुकींत त्याच्याबरोबर जातो, आणि देह कोठडींत बंद झाला म्हणजे बाहेर सज्जांत उभा राहतो. आंतला दिसेनासा होतो. बाहेरचा दिसत राहतो.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. हा मान सर्वांस मिळत नसे. तोराजा समाजांत सरदार घराणीं, सामान्य लोक व गुलाम अशा पायर्‍या होत्या. लांकडाचा पुतळा हा ज्यांच्या अंत्यविधींत पुष्कळ रेडे कापले जात अशा वरच्या घराण्यांचा अधिकार. त्यांहून खालच्यांसाठीं बांबूच्या सांगाड्यास कपडे गुंडाळून तात्पुरता पुतळा करीत व विधि आटोपल्यावर तो मोडून टाकीत. गुलामाचा पुतळाच नव्हता. म्हणजे कड्यावरून खाचरांकडे पाहणारे ते डोळे सर्वांच्या पूर्वजांचे नव्हते; खाचरें ज्यांच्या मालकीचीं त्यांच्या पूर्वजांचे होते. आपल्या इतिहासांतहि छत्री, समाधि, वीरगळ कोणाच्या वांट्यास आली व कोणाच्या आली नाहीं, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं तोराजांस हसूं नये.

पुतळा उभा केल्यानें काम संपत नाहीं. खरें काम तेथून सुरू होतें. 'मानेने' नांवाचा त्यांचा एक विधि आहे. भाताची कापणी आटोपल्यावर, बहुधा आगस्टच्या सुमारास, घराण्यांतील माणसें ठराविक वर्षांच्या अंतरानें कड्यापाशीं जमतात. कोठड्या उघडतात, देहांवरील जुनीं वस्त्रें काढून नवीं गुंडाळतात, आणि सज्जांतील पुतळ्यांसहि झाडून-पुसून नवे कपडे नेसवितात. पावसानें व उन्हानें विटलेल्या आजोबांच्या अंगावर नातू स्वच्छ कापड घालतो. ह्या एका कृतींत त्या लोकांचें सारें पूर्वजशास्त्र आहे. पुतळा हें स्मारक नाहीं. स्मारकाकडे आपण पाहावयाचें असतें. ह्या पुतळ्याचें आपण करावयाचें असतें. वस्त्र, अन्न व विचारपूस हें आपलें देणें, आणि पीक, संतति व आरोग्य हें त्यांचें. हा व्यवहार जोंवर चालू आहे तोंवर तो पूर्वज. तो तुटला म्हणजे राहतें तें लांकूड.

संस्कृत नाटकें वाचलेल्यांस ह्या ठिकाणीं भासाचें 'प्रतिमानाटक' आठवेल. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेरच्या प्रतिमागृहांत शिरतो. दिलीप, रघु, अज अशा आपल्या पूर्वजांच्या प्रतिमा त्यास तेथील रखवालदार दाखवितो. चौथी प्रतिमा पाहून तो घोटाळतो, आणि येथें केवळ मृतांच्याच प्रतिमा बसवितात हें कळतांच वडील गेले हें त्यास उमगतें. प्रत्यक्ष प्रतिमागृह पाहावयाचें तर जुन्नरजवळ नाणेघाटांत जावें. तेथील लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहन कुळांतील माणसांच्या प्रतिमा भिंतीवर कोरलेल्या होत्या. सिमुक, नागनिका राणी व सातकर्णि हीं नांवें तेथें आहेत. आज वर नांवें वाचतां येतात व खालीं पावलांच्या खुणा दिसतात. मधलें शरीर काळानें नेलें. दगड असून ही गत, मग फणसाच्या लांकडाची काय कथा! परंतु तोराजांच्या पुतळ्यांवर जी आपत्ति आली ती काळानें आणली नाहीं, माणसानें आणली. तिचा पूर्वरंग पाहावयाचा तर आधीं नियास बेटाकडे वळलें पाहिजे.

नियासमध्यें पूर्वजांच्या लहान लहान मूर्तींस 'आदु झातुआ' म्हणत. घरांतील मनुष्य गेला म्हणजे त्याची मूर्ति कोरून, आधींच्या मूर्तींशेजारीं वेताच्या पट्ट्यांनीं बांधून, भिंतीवर तिची रांग लावीत. घरांत जन्म होवो, लग्न होवो, ती वार्ता नैवेद्यासह ह्या रांगेस सांगितली जाई. १८६५ मध्यें डेनिंगर नांवाचा जर्मन मिशनरी ह्या बेटांत आला. प्रथमचीं पन्नास वर्षें धर्मांतराचें काम संथ चाललें. मग १९१६ च्या सुमारास पश्चात्तापाची एक मोठी लाट बेटावरून गेली. लोकांनीं भिंतीवरच्या रांगा उतरविल्या. मूर्ति जाळल्या गेल्या, फेंकल्या गेल्या, आणि पुष्कळ पेट्यांत भरून युरोपांतील संग्रहालयांस रवाना झाल्या. पुढें एका पिढीनंतर दुसरी पिढी गेली, आणि योहानेस हेमरले ह्या कॅपुचिन धर्मगुरूनेंच गुनुंगसितोली येथें संग्रहालय उभारून नियासच्या जुन्या वस्तु जमविण्याचें काम केलें. एका धर्मोपदेशकाच्या काळांत जें गेलें तें दुसर्‍यानें वेंचून ठेविलें. परंतु नैवेद्यासह वार्ता सांगणारें घर कोणासहि परत उभारतां आलें नाहीं.

तोराजांवर हा प्रसंग दुसर्‍या वाटेनें आला. १९०६ मध्यें डच सैन्यानें त्यांचा प्रदेश जिंकला व १९१३ पासून डच मिशनरी तेथें काम करूं लागले. अंत्यविधि बंद पाडणें त्यांस जमलें नाहीं. पुतळ्यांवर मात्र त्यांचा कटाक्ष राहिला, कारण पुतळ्यापुढें अन्न ठेवणें ही त्यांच्या मतें मूर्तिपूजा. आज बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती आहेत. जुन्या मार्गाचें नांव 'आलुक तो दोलो', म्हणजे पूर्वजांचा मार्ग. इंडोनेशियाच्या सरकारनें १९६९ मध्यें ह्या मार्गास हिंदु धर्माचा एक भाग म्हणून मान्यता दिली. ही वार्ता ऐकून आमच्या कांहीं वाचकांची छाती फुगेल. पण कारण नीट समजून घ्यावें. त्या देशांत ठराविक धर्मांनाच राजमान्यता होती. ज्यांचा धर्म त्या यादींत बसत नसे ते धर्महीन ठरत. तेव्हां जुन्या लोकांनीं यादींतील एका प्रशस्त घराचा आश्रय घेतला. नांव एक झाल्यानें नातें सिद्ध होत नाहीं. परंतु आपल्या नांवाखालीं कोणीं आपले पूर्वज सुरक्षित ठेवूं पाहिले, एवढी जाणीव आपण ठेवण्यास हरकत नाहीं.

ते सुरक्षित राहिले नाहींत. १९७० नंतर तोराजा प्रदेशांत पर्यटकांची वर्दळ वाढली, कड्यांचीं छायाचित्रें जगभर पसरलीं, आणि त्यांच्या मागोमाग चोर आले. युरोप-अमेरिकेंतील धनिकांस तथाकथित 'आदिम कले'ची हौस होती व तीस पैशाचें बळ होतें. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून व पुढील दशकांत कड्यांवरील पुतळे रातोरात नाहींसे होऊं लागले. एरिक क्रिस्टल ह्या अमेरिकन अभ्यासकानें १९९४ मध्यें ह्या लुटीवर निबंध लिहून तिची वाच्यता केली. कित्येक घराण्यांनीं उरलेले पुतळे कड्यावरून उतरवून लपविले. कांहीं ठिकाणीं लोखंडी गजांमागें ठेविले. ज्यांनीं वंशजांकडे उघड्या डोळ्यांनीं पाहत राहावें म्हणून सज्जे खोदले, त्यांस गजाआड कोंडण्याची वेळ आली.

आतां त्या चोरलेल्यांची पुढची अवस्था ऐका. संग्राहकास हवें असतें तें उन्हापावसानें भेगाळलेलें जुनें लांकूड, त्यावरील टांकीचे घाव, त्याची घडण. कापड त्यास अडचणीचें वाटतें. म्हणून परदेशच्या संग्रहांतून असे ताउ-ताउ वस्त्रावांचून उभे दिसतात. कित्येकांचे हातहि गळालेले. भोंवतीं उत्तम प्रकाश असतो, हवा मोजून सोडलेली असते, खालीं पितळेची पाटी असते. लोक येऊन कलाकुसरीची वाखाणणी करतात. आमच्या मतें ह्या कथेंतील सर्वांत दारुण गोष्ट हीच. ज्याची एकच मागणी होती कीं दर कांहीं वर्षांनीं मला नेसावयास द्या, तो परक्या नगरींत हजार डोळ्यांदेखत उघडा उभा आहे, आणि पाहणारे म्हणतात, कसा जपून ठेविला आहे!

दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. संग्रहालयाचे कैवारी म्हणतील कीं कड्यावर तो पुतळा शेवटीं कुजलाच असता. येथें तो शतकानुशतकें राहील, आणि त्याच्यामुळें जगास तोराजांची ओळख झाली. ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. जें विकत घेतलें, दान मिळालें, किंवा नियासप्रमाणें जाळावयास निघालेलें वांचविलें, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. उलट, जें जाळलें जात होतें तें ज्यांनीं उचलून ठेविलें त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु ज्याचे वंशज हयात आहेत, ज्यास ते कापड नेसवीत होते, त्यास चोरून नेऊन 'आम्ही जपलें' म्हणणें म्हणजे दुसर्‍याचा आजोबा पळवून आणून त्यास उत्तम हवेच्या खोलींत ठेवल्याबद्दल शाबासकी मागण्यासारखें आहे. राहिलें कुजण्याचें. लांकूड कुजतें हें तोराजांस आपल्याहून अधिक ठाऊक आहे. कुजणार्‍या वस्तूची निवड करून तिच्याभोंवतीं सेवेचा नियम घालणें ह्यांत अज्ञान नाहीं. जें आपोआप टिकतें त्याची आठवण कोणास करावी लागत नाहीं, हें त्यांतील शहाणपण आहे.

त्या घराण्यांनीं पुढें काय केलें तेंहि पाहण्यासारखें आहे. लेमोच्या कड्यावर आज जे पुतळे दिसतात त्यांतील पुष्कळ, चोरीस गेलेल्यांच्या जागीं नव्यानें कोरून बसविलेले आहेत. दरम्यान पुतळे कोरण्याची शैलीहि बदलली. नवे कारागीर छायाचित्र पुढें ठेवून सुरकुत्यांसकट हुबेहुब चेहरा काढतात, आणि कित्येक ख्रिस्ती कुटुंबेंहि आतां असा पुतळा करवितात. पूजेसाठीं नव्हे, आठवणीसाठीं, असें म्हणतात. पर्यटकांस विकावयाचे वीतभर उंचीचे ताउ-ताउ दुकानांत मांडलेले असतात ते वेगळेच. मग खरा कोणता? न्यूयॉर्क वा पॅरिसमधला शंभर वर्षांचा, कीं कड्यावरचा कालचा? बाजारभावानें पहिला. पण नातू ज्यास नवें कापड नेसवितो तो आजोबा, ह्या तोराजांच्याच कसोटीनें पाहिलें तर निकाल उघड आहे. आपल्याकडेहि जीर्ण मूर्तीचें विसर्जन करून नवी प्रतिष्ठापिली म्हणजे देव बदलला असें कोणी म्हणत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या देव्हार्‍यांत टाक असतील. कुलदेवतेच्या टाकांशेजारीं एखादा वीराचा, म्हणजे घराण्यांतील पूर्वपुरुषाचा, टाकहि असेल. भिंतीवर तसबिरी तर असतातच. त्या सर्वांस तोराजांची कसोटी लावून पाहावी. श्राद्धाच्या दिवशीं गुरुजी पिता, पितामह, प्रपितामह आणि माता, पितामही, प्रपितामही अशीं नांवें विचारतात. आजोबांपर्यंत तरुण यजमान धीटपणें सांगतो, पणजोबांपाशीं अडखळतो, आणि पणजीच्या नांवापाशीं बहुतेक घरांत शांतता पसरते. तिचें सासरचें नांव कोणा म्हातार्‍या आत्यास ठाऊक असतें. माहेरचें तर तिच्याबरोबरच गेलें. तोराजांनीं गुलामाचा पुतळा केला नाहीं. आपण कोणकोणाचा केला नाहीं, तें त्या शांततेंत ऐकूं येतें.

ह्यावर उपाय सोपा आहे व त्यास फणसाचें लांकूड लागत नाहीं. घरांत जें सर्वांत वडील माणूस असेल त्याच्याजवळ येत्या रविवारीं वही घेऊन मुलांस बसवावें, आणि दोन्ही कुळांच्या तीन पिढ्यांचीं नांवें, स्त्रियांच्या माहेरच्या नांवांसकट, उतरवून घ्यावींत. कोण कोठून आली, काय रांधी, कशास भीत असे, कोणत्या गोष्टीस हसे, एवढें शेजारीं लिहावें. पुढच्या वर्षीं पितृपक्षांत ती वही काढून वाचावी, नव्यानें आठवलेलें तींत घालावें व पानें फाटलीं असल्यास चिकटवावींत.